कळलावीचं विष आणि गुणसूत्राचा ताठा

श्रावणात तोरण्याच्या पायथ्याला, किंवा भोरहून वरंध घाटाकडे जाताना, झुडपांतून कळलावीची फुलं डोकं काढतात. पाकळ्या देठाकडे पिवळ्या, टोकाकडे लाल, कडा कुरळ्या. पानाच्या टोकाचाच तणावा होतो आणि वेल त्यानं आधार धरते. कंद जहरी. बाळंतपण अडलं की तो उगाळून पोटावर लावायची जुनी रीत होती. पोटात घेण्याचं धाडस कुणी करू नये.

ते जहर म्हणजे कोल्चिसिन. युरोपातलं कोल्चिकम कळलावीच्याच कुळातलं, आणि प्रयोगशाळांत हे द्रव्य पोचलं ते त्याच्या कंदातून. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे सूक्ष्म धागे ते जुळूच देत नाही. गुणसूत्रं मधेच अडकतात आणि आखूड, जाड होत जातात. १९३७ मध्ये ब्लेकस्ली आणि एव्हरी या संशोधकांनी याच जोरावर वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट केली.

तरी माणसाची गुणसूत्रं काचपट्टीवर एकमेकांत गुंतलेलीच दिसत, म्हणून त्यांची संख्या बरीच वर्षं ४८ मानली गेली. १९५२ मध्ये टेक्सासात टी. सी. श्यू या संशोधकाकडे पेशी धुण्याचं मिठाचं पाणी बहुधा चुकून पातळ झालं. पेशी फुगल्या, गुणसूत्रं सुटी झाली. हे पाणी आणि कोल्चिसिन दोन्ही वापरून १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमध्ये ज्यो हिन त्जिओ यांनी मोजलं: ४६. चुकीच्या पाण्याचे एवढे उपकार विज्ञानात क्वचितच असतील.

पाण्यातल्या क्षारांनी गुणसूत्राचं अंगच बदलतं, हे जॉन मार्को आणि मायकल पॉयरियर या संशोधकांनी शिकागोत ओढून पाहिलं. न्यूट या पाणसरड्यासारख्या उभयचराचं एकच गुणसूत्र काचेच्या दोन बारीक नळ्यांत पकडून पाचपट ताणलं, तरी सोडल्यावर ते मूळ लांबीला आलं. मग त्याच्यावर क्षारांचे फवारे. गुणसूत्रातल्या डीएनएवर ऋणभार असतो, त्यामुळे त्याचे पदर एकमेकांना दूर लोटतात. मॅग्नेशियमचा दुहेरी धनभार ही भांडणं मिटवतो आणि गुणसूत्र आकसून घट्ट होतं. साधं मीठ वाढवलं, तर डीएनएवरची प्रथिनांची पकड ढिली पडून ते फुगतं. पाणी पूर्ववत केलं की तेही पूर्ववत होतं.

ताणून सोडल्यावर गुणसूत्राला मूळ लांबीला आणणारा हा ताठा मुळात कशाचा, याचा निकाल मात्र विकरांनी (एन्झाइमांनी) लावला. प्रथिनं कापणाऱ्या विकरांनी गुणसूत्र मऊ पडलं, पण तुटलं नाही. डीएनए कापणारं विकर सोडलं, तेव्हा ते विरघळूनच गेलं. प्रथिनांच्या सलग सांगाड्याची कल्पना २००२ मध्ये तिथेच लंगडी पडली.