लिटल मोरटन हॉल
इंग्लंडच्या चेशर परगण्यातील खंदकाने वेढलेले ट्यूडरकालीन जमीनदारी घर. प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू. १६ व्या शतकाच्या आरंभी मोरटन घराण्याने ते बांधायला घेतले आणि पुढे सुमारे शंभर वर्षे ते टप्प्याटप्प्याने वाढत गेले. १९३८ पासून ते नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे.

या घराच्या वाकड्यातिकड्या भिंती पाहून बांधणी कच्ची होती, असा आक्षेप घेतला जातो. पण पुरावा उलट सांगतो. घराचा भार ओक लाकडाचा सांगाडा पेलतो. मधल्या चौकटी केवळ भरावाच्या आहेत. चौकातील पुढे आलेल्या खिडक्यांवर सुतार रिचर्ड डेल याने १५५९ साली आपले नाव कोरले. ज्या कामावर कारागीर अभिमानाने नाव घालतो, ते हलगर्जीचे मानणे अन्यायाचे आहे. विकृतीचे खरे कारण माथ्यावर आहे. दक्षिणेकडील भागावर सुमारे २१ मीटर लांबीचे दालन चढवले गेले आणि त्याच्या छपरावर जड दगडी फरश्या बसल्या. त्या ओझ्याने खालचे मजले बाहेर फुगले, दालनाची जमीन लाटेसारखी उंचसखल झाली. तरी लाकडी खुंट्यांनी जखडलेले सांधे सुटले नाहीत. पुढे दालनात पोलादी गज घालावे लागले, हे खरे; परंतु तोवर हा सांगाडा शतकानुशतके उभा होता. म्हणून हा वाकडेपणा दोष नव्हे, तर लवचीक सांगाड्याच्या ताकदीची साक्ष आहे, आणि तो जसाच्या तसा जपणे हेच योग्य जतन होय.