र्युसेल्सहाइममध्ये काटकसरीचा बाजार आणि घरची भाजी

र्युसेल्सहाइम हे जर्मनीतल्या हेसन राज्यातलं, माइन नदीकाठचं, ओपेल मोटारींचं गाव. इथे मुलांकडे राहायला आलेल्या किंवा इथेच स्थायिक झालेल्या आपल्या वयस्कर मंडळींची अडचण सारखीच असते. पेन्शन ठरलेली, कोशर मटण महाग, आणि कोथिंबीर-नारळाशिवाय आपलं जेवण होत नाही. तेव्हा सोपा नियम असा: जे सगळेच खातात ते स्वस्त दुकानातून पारखून घ्यावं, आणि जे आपल्यालाच लागतं ते जमेल तेवढं घरी उगवावं.

बाजार करताना

अल्डी, लिडल यांसारख्या दुकानांत फळीवरच्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिलेला असतो. त्याला ‘ग्रुंडप्राइस’ म्हणतात. पाकिटाची किंमत न बघता तो भाव बघावा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही. चष्मा बरोबर ठेवा.

मालावर दोन प्रकारच्या तारखा असतात. ‘मिंडेस्टन्स हाल्टबार बिस’ म्हणजे तोपर्यंत चव, दर्जा उत्तम राहील. ती उलटली तरी पीठ, रवा, दही बघून-हुंगून वापरता येतं. अशा माल बऱ्याचदा उतरलेल्या भावात मिळतो. पण ‘त्सु फरब्राउखेन बिस’ लिहिलेलं असेल, उदाहरणार्थ खिम्यावर, तर त्या तारखेनंतर ते खाऊ नये.

पाण्याच्या, सरबताच्या बाटल्यांवर अनामत रक्कम घेतात. एकदाच वापरायच्या बाटलीवर ती २५ सेंट असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाका, चिठ्ठी गल्ल्यावर द्या, पैसे परत. नळाचं पाणी इथे पिण्याजोगं आहे, त्यामुळे पाणी विकत घ्यायची तशी गरज नाही.

‘रोटं लिन्झन’ म्हणजे आपली मसूर डाळ, ‘वाइखवाइत्सनग्रीस’ म्हणजे रवा, आणि ‘मिल्शराइस’ हा आखूड तांदूळ खिरीला छान. पुदिना, कोथिंबिरीच्या जुड्या, छोले तुर्की दुकानात बघावेत. पोहे, वाल, नारळाचं दूध यांसाठी महिन्यातून एकदा एस-८ किंवा एस-९ गाडीने फ्रँकफुर्टच्या मुख्य स्टेशनावर उतरावं. तिथल्या भारतीय दुकानांतून मालिद्याची, बिरड्याची एकदम खरेदी होते.

मोड आणि कुंड्या

सर्वांत स्वस्त शेती म्हणजे मोड. त्याला ऊनही नको, मातीही नको. बिरड्याच्या सणाला, म्हणजे तिशा बआवचा उपास सोडताना, आपल्याकडे वालाचं बिरडं होतंच. तेच मूग-मटकीचं बाराही महिने करावं. कडधान्य रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. हिवाळ्यात मोड यायला वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी हीटरजवळ ठेवा, पण अगदी चिकटून नको. वाल नेहमी पूर्ण शिजवूनच खावेत.

कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा. कडक उन्हाळ्यात ती लवकर फुलावर जाते, म्हणून वसंतात आणि शरदात पेरणी बरी. मेथी ट्रेमध्ये दाट पेरून कोवळीच कापा. मुंबईत समुद्रमेथीच्या जुड्या घेत होतो ना, तशीच. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. मिरची, टोमॅटोची रोपं मात्र मेच्या मध्यापर्यंत घरातच ठेवा. ११ ते १५ मे हे दिवस जर्मन लोक ‘आइसहाइलिगे’ म्हणून ओळखतात. तोवर थंडीचा झटका येऊ शकतो.

पाला मिठाच्या पाण्यात बुडवून, पान उलटसुलट बघून घ्यावा. किडा खाणं कश्रुतमध्ये बसत नाही.

कडू लागलं तर टाकून द्या

कडू दुधी खाऊ नये हे आपण आईकडून ऐकलेलं असतं. तोच नियम इथल्या त्सुकिनीला लावा. २०१५ मध्ये हाइडेनहाइम इथल्या ७९ वर्षांच्या एका गृहस्थांचा बागेतल्या कडू त्सुकिनीची भाजी खाऊन मृत्यू झाला. ही विषारी कडवटपणा शिजवून जात नाही. घरच्या त्सुकिनीचं बी राखून पुन्हा लावलं तर असा धोका वाढतो, म्हणून बी दरवर्षी विकत घ्यावं. कच्चा तुकडा जिभेला लावून बघा; कडू असेल तर थुंकून टाका आणि सगळी भाजी फेकून द्या. ‘एवढी महागाई, टाकायचं कसं?’ असं इथे मनात आणू नका.

बागेचा तुकडा

गावाकडेला ‘क्लाइनगार्टन’ म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागा असतात. कायद्याने असा तुकडा सहसा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, आणि साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाजी लावावी लागते. संस्थेकडे नाव नोंदवून वाट बघावी लागते. तिथे फळझाड लावलंत तर ‘ओर्ला’ची आठवण ठेवा: लागवडीपासून पहिली तीन वर्षं फळ खायचं नाही (लेवीय १९:२३), आणि हा नियम इस्राएलबाहेरही पाळतात.

गुडघे दुखत असतील तर बागेचा हट्ट नको. खिडकीतल्या दोन कुंड्या आणि फडक्यातली मटकी एवढ्यानेही आठवड्याची भाजी बरीच भागते.