ठाणे-कल्याणचा गवई: वारसा, गायकी आणि श्रोता

ठाणे किंवा कल्याण या गावांच्या नावाचे ख्यालगायकीचे घराणे नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता, म्हणून अल्लादियाखाँ तेथे राहिले. मिरज, इचलकरंजी, औंध, बडोदे येथे संस्थानिकांनी गवयांना आधार दिला. खाडीकाठच्या या पट्ट्यात दरबार नव्हता. येथे होती ती रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि तेथून बोरघाटाकडे व थळघाटाकडे असे दोन मार्ग फुटले. पुण्याहून मुंबईला निघालेला किंवा नाशिककडून उतरणारा गवई कल्याणवरूनच पुढे जाई. त्यामुळे येथे विद्या आली ती बाहेरून, आणि गुरूपरत्वे तुकड्यातुकड्यांनी. येथल्या गायकाला वारसा शोधावा लागला, निवडावा लागला आणि आपल्या गळ्याला बसवून घ्यावा लागला. पुढे ठाणेकर झालेले पंडित राम मराठे हे या घडणीचे सर्वांत भरीव उदाहरण आहे.

दरबार मावळत गेले तसा गवयाचा पोशिंदाही बदलला. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज काढला, कल्याणात १९२६ मध्ये कल्याण गायन समाज स्थापन झाला. गाणे शिकवणे आणि ते ऐकणारा समाज तयार करणे ही दोन्ही कामे अशा संस्थांनी एकाच वेळी अंगावर घेतली. कल्याणच्या संस्थेचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवांच्या स्मरणार्थ होतो, आणि ही निवड अर्थपूर्ण आहे. बुवा कल्याणचे नव्हते. पण एका गळ्यात अनेक घराणी नांदू शकतात हे महाराष्ट्राला प्रथम ठळकपणे दाखवले ते त्यांनी. ग्वाल्हेरची तालीम फैज महंमदखाँकडून, आग्र्याची नथ्थनखाँकडून आणि जयपूरची अल्लादियाखाँकडून, अशा तीन विद्या त्यांनी पचवल्या. घराण्याबाहेर पाऊल टाकणे हा अपराध मानला जाण्याचा तो काळ होता. बुवांनी तो समज वादविवादाने खोडला नाही, गाऊन खोडला. १९२२ मध्ये ते गेले तेव्हा बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे दोन शिष्य रंगभूमीवर होते, आणि मास्टर कृष्णरावांच्या हातून ही मिश्र विद्या पुढच्या पिढीकडे गेली.

राम मराठे यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२४ रोजी पुण्यात झाला. लहानपणीच ते सिनेमात गेले. 'प्रभात'च्या 'गोपालकृष्ण' (१९३८) या चित्रपटात ते कृष्ण झाले, 'माणूस' (१९३९) मध्येही त्यांनी काम केले. दोन्ही चित्रपटांचे संगीत मास्टर कृष्णरावांचे होते, आणि या बालनटाला गुरू भेटला तो स्टुडिओतच. पुढे त्यांनी पडद्यावरचे नाव मागे ठेवले आणि वर्षानुवर्षे शागिर्दी केली. बालनट म्हणून मिळालेली प्रसिद्धी सोडून तंबोऱ्यासमोर बसण्याचा हा निर्णय त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मानावा लागतो.

त्यांच्या गुरूंची यादी लांब आहे: मनोहर बर्वे, मास्टर कृष्णराव, यशवंतबुवा मिराशी, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा पुरोहित. यादी लांबली की गाण्याला गोधडीची कळा येण्याचा धोका असतो. मराठे यांच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण प्रत्येक गुरूकडून त्यांनी वेगळी गोष्ट उचलली. मास्टर कृष्णरावांकडून आली ती पदात बोलांशी खेळण्याची सवय आणि उत्स्फूर्त जागा. मिराशीबुवा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या परंपरेतले, त्यांच्याकडून ग्वाल्हेरची बंदिशीची शिस्त आली. सडोलीकर जयपूरचे, त्या घराण्याचा ओढा अनवट आणि जोडरागांकडे. आणि लय आली जगन्नाथबुवांकडून.

जगन्नाथबुवा पुरोहित (१९०४-१९६८), म्हणजेच 'गुणीदास', यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. हैदराबादेत जन्मलेल्या बुवांना आग्रा घराण्याची तालीम विलायत हुसेनखाँ यांच्याकडून मिळाली. तबला ते अहमदजान थिरकवाँकडे शिकले. कोल्हापुरात आणि मग मुंबईत त्यांनी शिष्य घडवले. तबल्याची जाण असलेला गवई बंदिश कशी बांधतो, सम कशी लपवतो आणि नेमक्या क्षणी कशी उघडी करतो, हे त्यांच्या चिजांत दिसते. त्यांनी बांधलेला जोगकंस आज देशभर गायला-वाजवला जातो. पूर्वांगात जोगातले दोन्ही गंधार, उत्तरांगात चंद्रकंसाचा कोमल धैवत आणि शुद्ध निषाद अशी त्याची मांडणी आहे. दोन राग एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे जोडराग होत नाही. सांधा दिसू न देता एकातून दुसऱ्यात उतरता आले पाहिजे. जोगकंसात शुद्ध गंधारावरून मध्यमाला स्पर्श करून कोमल गंधारावर येताना जोग पुरता उमटतो, आणि वर चढताना शुद्ध निषाद लागला की रागाचा रंग पालटतो. परंपरेने दिलेले स्वरसमूह तेच, पण त्यातून उभी राहिलेली आकृती पूर्वी नव्हती. वारसा आणि नवनिर्मिती यांचा संबंध याहून नेमका दाखवणारा नमुना मराठी गवयांच्या कामात शोधून सापडणे कठीण.

गुणीदासांच्या शिष्यवर्गाकडे पाहिले तर व्यक्तिगत शैली कशी घडते हे स्पष्ट होते. राम मराठे, जितेंद्र अभिषेकी, चिं. रा. व्यास, माणिक वर्मा, यशवंतबुवा जोशी ही सगळी त्यांची शिष्यमंडळी, आणि एकाचेही गाणे दुसऱ्यासारखे नाही. व्यासांनी 'गुणीजान' या नावाने बंदिशी रचल्या आणि बुवांचा रचनाकाराचा वारसा चालवला. माणिक वर्मांच्या गळ्यात तीच तालीम भावगीतापर्यंत मऊ होत गेली. मराठे यांनी उचलली ती आक्रमकता. खुला, जोरकस आवाज, बोल लयीच्या अंगाने फेकणे, तबलजीला आव्हान देत आवर्तन भरणे आणि दाणेदार द्रुत तान ही त्यांच्या गाण्याची लक्षणे. विलंबित लयीत फार काळ रेंगाळणे त्यांच्या पिंडाला मानवत नसे. मध्यलयीत ते घरच्यासारखे वावरत.

शैलीचा हा फरक सर्वांत ठसठशीत दिसला तो रंगभूमीवर. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने १८८० मध्ये सुरू झालेली संगीत नाटकाची परंपरा बोलपट आल्यावर ओसरली होती. १९६० च्या सुमारास ती पुन्हा उभी राहिली, आणि त्यात विद्याधर गोखले यांचा वाटा मोठा. त्यांचे 'मंदारमाला' १९६३ मध्ये आले. संगीत राम मराठे यांचे, आणि रंगमंचावर गाणारे तेच. प्रसाद सावकारांबरोबरची त्यांची जुगलबंदी हे या नाटकाचे मोठे आकर्षण होते. नाटकातल्या शंकरस्तुतीच्या पदासाठी त्यांनी अहिर भैरव घेतला. कोमल रिषभाने आलेले भैरवाचे गांभीर्य आणि कोमल निषादाने आलेला काफीचा ओलावा या दोन्हींमुळे पद भक्तीचे राहते आणि तानेलाही मोकळे रान मिळते. मराठे ते पद बैठकीत गावे तसे विस्ताराने गात आणि श्रोते पुन:पुन्हा मागणी करत. पुढे १९६७ मध्ये 'मेघमल्हार'चे संगीतही त्यांनीच केले.

'मंदारमाला' नंतर पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' आले. त्याचे संगीत दिले मराठे यांच्याच गुरुबंधूने, जितेंद्र अभिषेकींनी. अभिषेकींनी पद आटोपशीर केले, प्रसंगाच्या भावापुरते ठेवले, चालीत नवेपणा आणला. मराठे यांनी पदाला ख्यालाचा ऐवज दिला आणि गायकाला अवकाश ठेवला. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एकाच रंगभूमीवर, जवळजवळ एकाच वेळी, इतक्या विरुद्ध वाटा धराव्यात यातच गुणीदासांच्या तालमीचे मोठेपण आहे. पुढच्या संगीतकारांवर अभिषेकींचा प्रभाव अधिक पडला, कारण बदललेल्या नाटकाला ती रीत सोयीची होती. मात्र रागसंगीत कधी न ऐकलेल्या माणसाला दहा मिनिटे अहिर भैरवात बसवून ठेवण्याचे काम मराठे यांनी केले आणि त्याचे मोल कमी लेखता येत नाही. त्यांच्या कलेचे प्रयोजन शोधायचे तर ते येथे सापडते: विद्वानांच्या बैठकीतला माल त्यांनी भेसळ न करता तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकापर्यंत नेला.

हा प्रेक्षक कोण होता हे पाहायला ठाण्याचीच वाढ उपयोगी पडते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, ते वागळे इस्टेटमधल्या समारंभाने. 'मंदारमाला' रंगमंचावर येण्याच्या आदल्या वर्षीची ही घटना. ठाण्याच्या पश्चिमेला कारखाने उभे राहिले, किसननगरसारख्या वस्त्या भरत गेल्या, आणि कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, मराठवाड्यातून आणि उत्तर भारतातून माणसे आली. प्रत्येकाने आपापले गाणे बरोबर आणले. कोकणातल्या माणसाचे भजन आणि शक्ती-तुरा, घाटावरच्या माणसाची भारूडे, आंबेडकर जयंतीची जलसा-परंपरेतली गाणी, उत्तरेकडची कजरी. १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्य व भजन स्पर्धांनी पाळीवर काम करणाऱ्या माणसालाही मंच दिला. ठाण्याच्या जुन्या वस्तीत नाट्यसंगीत मुरलेले होते. इस्टेटच्या वस्त्यांत पखवाज, ढोलकी आणि हार्मोनियम यांचे राज्य होते. हे दोन श्रोतृवर्ग एकमेकांपासून फार दूर राहत नसत, पण एका सभागृहात क्वचितच बसत.

या दुसऱ्या वर्गाचा सर्वांत मोठा आवाज कल्याणात होता. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. वारसा म्हणून त्यांना घरातून मिळाले ते आईवडिलांचे गाणे; बंदिशींची वही किंवा गंडाबंधन त्यांच्या वाट्याला आले नाही. कव्वाल इस्माइल आझाद यांच्या पथकात त्यांनी कोरस म्हणून उमेदवारी केली. मुखडा पुन:पुन्हा उचलून श्रोत्याला चेतवण्याची कव्वालीची रीत, कीर्तनातला आळवणीचा सूर आणि उघड्या मैदानात लाउडस्पीकर नसतानाही पोचणारा चढा गळा या तिन्हींतून त्यांची गायकी झाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर भीमगीतांना जे भरते आले त्यात वामनदादा कर्डकांसारखे कवी होते आणि शिंद्यांसारखे गाणारे. त्याच गळ्यातून विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी निघाली. ध्वनिमुद्रिका आणि मागाहून कॅसेट यांमुळे ती गावोगावच्या मंडपांत पोचली. एकच गायक भीमजयंतीच्या मंचावर, उरुसात आणि गणेशोत्सवात सारखाच मानला जावा, ही किमया महाराष्ट्रात फार थोड्यांना साधली. संगीताच्या इतिहासग्रंथांनी त्यांना दिलेली जागा अपुरी आहे. बहुश्रुततेचे मोजमाप रागांच्या संख्येवर होत राहिले, हे त्यामागचे कारण. मराठे यांनी तीन घराणी एकत्र आणली, शिंद्यांनी कीर्तन, कव्वाली आणि चळवळीचे गाणे एकत्र आणले. दोघांचेही काम निवडीचे आणि सांधण्याचे होते. शिंद्यांची परंपरा आनंद आणि मिलिंद या मुलांनी आणि पुढे आदर्श या नातवाने चालू ठेवली.

ठाण्याला आपले मोठे नाट्यगृह मिळाले ते १९७८ मध्ये, मासुंदा तलावाकाठी, राम गणेश गडकरी रंगायतन या नावाने. राम मराठे तोवर ठाणेकर झाले होते. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. संगीतभूषण ही त्यांची पदवी आणि त्यांचे नाव घेऊन ठाणे महापालिका संगीत महोत्सव भरवत आली आहे; मुकुंद आणि संजय या मुलांनी बापाची गायकी व संगीत नाटक दोन्ही पुढे नेले.

या पट्ट्यातील गाण्याचे शिक्षण आता बहुतांशी क्लासमध्ये होते आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद, अलंकार या परीक्षांवर चालते. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला लावलेले हे रोप आहे, आणि दरबार नसलेल्या गावांना त्याने मोठा आधार दिला. ठाण्या-डोंबिवलीतल्या नोकरदार घरांतली मुले संध्याकाळी तानपुऱ्यासमोर बसू लागली ती यामुळेच. अभ्यासक्रमात ठरावीक राग, ठरावीक आलाप आणि ताना असतात, आणि सुरुवातीला ते योग्यच आहे. पण मराठे यांनी केले तसे एकेका गुरूच्या घरी वर्षानुवर्षे जाऊन एकेक गोष्ट वेचून आणणे त्या चौकटीत बसत नाही. त्यांच्या गाण्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याला आज मुख्य आधार उरतो तो ध्वनिमुद्रणांचा आणि त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिकलेल्यांच्या तालमीचा. ध्वनिमुद्रणातून तान कळते, समेवर येण्याची रीतही कळते. ती तान त्या जागी का घेतली हे मात्र समोर बसून शिकलेल्यालाच सांगता येते.