सर्पगंधा, पारा आणि पन्नास रुग्ण

रक्तदाब वाढला म्हणजे माणसाला नेमके काय होते, असा प्रश्न वर्गात विचारून पाहा. डोके दुखते, चक्कर येते, राग येतो, अशी उत्तरे येतील. खरे उत्तर जरा निराश करणारे आहे. बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच होत नाही. दाब वाढलेला माणूस शेतात जातो, तास घेतो, पंगतीला बसून दुसऱ्यांदा भाजी मागून घेतो. त्या काळात त्याच्या हृदयाच्या डाव्या निलयाची भिंत जाड होत असते, धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होऊन तेथे मेद साचत असतो. मग एके दिवशी हृदयविकाराचा झटका येतो, नाहीतर अर्धांगवायू होतो, आणि घरचे म्हणतात, 'कालपर्यंत तर चांगले होते!'

भडगाव-पाचोरा भागातल्या ठिबकवाल्या शेतकऱ्याला ही गोष्ट चटकन समजेल. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाब दाखवणारी तबकडी असते. दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर तुंबला हे कळते, आणि केळीचे पान पिवळे पडायची वाट न पाहता तो धुतला जातो. आपल्या शरीराला अशी तबकडी जन्मतः मिळालेली नाही. ती माणसाला बनवावी लागली, आणि त्याला पावणेदोनशे वर्षे लागली.

पहिला प्रयत्न इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने केला. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने लिहिले आहे, की आडव्या बांधलेल्या घोडीच्या धमनीत नळी बसवून ती उंच काचेच्या नळीला जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंचांपर्यंत चढले. मुलांकडून येथे एक गणित करून घेता येईल. ८ फूट ३ इंच म्हणजे सुमारे २५१ सेंटिमीटर. पारा रक्ताच्या जवळजवळ १३ पट जड आहे, म्हणजे हा दाब पाऱ्याच्या १९० ते २०० मिलिमीटर स्तंभाएवढा झाला. माणसाचा १२० मिलिमीटर दाब पाण्यात मोजायचा ठरवला, तर १६३ सेंटिमीटर उंचीची नळी लागेल. दवाखान्यात पाराच का आला, ते यावरून कळते.

पण धमनी कापून दाब मोजणे रोगाच्या निदानासाठी निरुपयोगी होते. १८९६ साली इटलीतील तुरीन शहरात रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळायची हवेची पट्टी आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी केली. पट्टी फुगवून मनगटावरची नाडी बंद पाडायची, मग हवा सोडत ती परत कधी लागते ते पाहायचे. यातून फक्त वरचा आकडा मिळे. १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण रशियन शल्यचिकित्सकाने कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून ऐकण्याची युक्ती सांगितली. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज नाहीसा होतो तो खालचा. त्याचे हे सारे निवेदन एका पानात मावेल एवढे होते. मोठ्या शोधाला मोठा प्रबंध लागतोच असे नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

आकडा मिळाला, तरी पुढची चाळीस वर्षे त्याचे करायचे काय हे ठरेना. धमन्या कडक झाल्यावर रक्त पुढे ढकलण्यासाठी वाढीव दाब आवश्यकच असतो, तो उतरवणे धोक्याचे, असे अनेक नामांकित डॉक्टरांचे मत होते. 'इसेन्शियल हायपरटेन्शन' या नावात त्या मताची खूण अजून शिल्लक आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये तपासले तेव्हा दाब १८६/१०८ भरला. उपाय काय, तर विश्रांती, कमी मीठ, डिजिटॅलिस आणि झोपेचे औषध. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, त्या दिवशी दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाजवळ त्या वेळी दाब उतरवणारी एकही भरवशाची गोळी नव्हती.

ती गोळी ज्या झुडपात होती, ते झुडूप भारतात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. सर्पगंधा हे नाव जुन्या वैद्यकात येते. मुळी सर्पदंशावर देत. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत, कारण खवळलेल्या रुग्णाला ती शांत करी. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादाबरोबरच वाढलेल्या रक्तदाबावरही तिचा उपयोग नोंदवला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतल्या एकाला हकीम अजमलखान यांच्या नावावरून 'अजमलीन' म्हणतात. १९३४ पासून हिमालय कंपनीची गोळीही बाजारात होती.

येथे थोडे थांबू या. 'आपल्या पूर्वजांना रक्तदाबाचे औषध ठाऊक होते' असे वाक्य शाळेच्या विज्ञानदिनाच्या भाषणात हमखास येते. ते तसेच स्वीकारता येणार नाही. पूर्वजांना ठाऊक होते ते शांत करणारे औषध. जो विकार जाणवतच नाही आणि आकड्याशिवाय दिसत नाही, त्यावरचे औषध मोजपट्टी हाती येण्याआधी कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. मुळी आपली होती आणि पाऱ्याची नळी इटलीची. दोन्ही एका खाटेजवळ आल्या तेव्हा औषध निघाले.

ती खाट मुंबईच्या परळमधील के. ई. एम. रुग्णालयात होती. डॉ. रुस्तुम जाल वकील (१९११–१९७४) हे मुंबईचे पारशी डॉक्टर. लंडनला शिकून ते परतले आणि हृदयरोगतज्ज्ञ म्हणून येथे काम करू लागले. अनेक वर्षे सर्पगंधा वापरल्यावर त्यांनी पन्नास रुग्ण निवडले, चार आठवडे गोळ्या दिल्या आणि दाबाची नोंद ठेवली. बहुतेकांचा वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे उतरले. हा निबंध १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला. आजच्या कसोटीवर त्यात उणिवा दिसतात. खोटी गोळी दिलेला दुसरा गट तुलनेला नव्हता, आणि चार आठवडे हा काळही थोडाच. पण हे औषध कलकत्ता, दिल्ली, पाटण्याच्या वर्तुळात अडकले होते, ते या सहा पानांनी जगापुढे ठेवले. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचून भारतातून गोळ्या मागवल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून 'रेसर्पिन' हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकील होते. १९५८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

रेसर्पिन काम कसे करते? धमन्यांना आकसण्याचा आदेश देणारे नॉरॲड्रेनॅलिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेले असते. रेसर्पिन ती कोठारे रिकामी करते, त्यामुळे धमन्या सैलावतात. मेंदूतली कोठारेही रिकामी होतात. म्हणून झोप येते, नाक चोंदते आणि मोठ्या मात्रेत मन खचते. या शेवटच्या कारणामुळे आणि पुढे अधिक सुसह्य गोळ्या आल्यामुळे हे औषध मागे पडले.

मागे पडण्यापूर्वी त्याने एक मोठा वाद मिटवला. दाब उतरवल्याने माणूस खरोखर वाचतो का? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी, ज्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता, अशा १४३ पुरुषांचे दोन गट केले. ७३ जणांना तीन औषधे दिली, त्यांत रेसर्पिन होते. ७० जणांना खोट्या गोळ्या दिल्या. १९६७ साली निकाल जाहीर झाला. खोट्या गोळीच्या गटात २७ गंभीर घटना, औषधाच्या गटात २. वाढीव दाब 'आवश्यक' असतो, हे मत त्यानंतर टिकले नाही.

त्याच के. ई. एम. मध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. सेन यांचे धाडस मोठे होते यात शंका नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ती शस्त्रक्रिया सापडते, वकिलांची पन्नास टिपणे क्वचितच. पण दाब मोजून, गोळी देऊन, मीठ कमी करून जेवढी हृदये वाचली, त्यांची बरोबरी कोणत्याही शस्त्रक्रियेशी होणार नाही.

झुडपाला मात्र कीर्ती महागात पडली. जगभरच्या मागणीमुळे जंगलातून मुळ्या उपसल्या गेल्या, आणि मुळी काढली की झाड संपतेच. १९९० पासून सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराखाली नियंत्रण आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया वाढीव रक्तदाबाच्या किंवा त्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या आढळल्या. मोजणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते, रोजच्या गोळ्याही मिळतात. अडचण येते ती पुढच्या महिन्यात. आकडा उतरतो, माणसाला बरे वाटते (तसे त्याला आधीही बरेच वाटत होते) आणि तो गोळी सोडतो. दाब पुन्हा चढतो, आणि आधीसारखाच आवाज न करता. खानदेशी ताटातले पापड, लोणचे, ठेचा आणि वरून घेतलेले मीठ त्यात भर घालतात. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

शक्य असल्यास आरोग्यसेविकेला पट्टी आणि स्टेथोस्कोप घेऊन वर्गात बोलवावे. शिक्षकाने पाच मिनिटे स्वस्थ बसून हात पुढे करावा, आणि कोरोत्कोव्हने ऐकलेला तो पहिला ठोका एकेका विद्यार्थ्याने स्वतःच्या कानाने ऐकावा. दर वेळी आकडा थोडा वेगळा येईल. तो का, यावर पुढचा तास घेता येईल.