उपनगरातले नवे गावकूस

मुंबईच्या उपनगरांत पर्यावरणपूरक घरे का होत नाहीत, असे विचारले की बोट झोपडपट्टीकडे जाते. इतिहास वेगळे सांगतो. १९०६ साली कुर्ला-चेंबूर रेल्वे टाकली, ती शहराचा कचरा वाहायला. १९२७ पासून तो देवनारला पडतो आहे. १९५० च्या दशकात शेजारीच तेलशुद्धीकरण कारखाने आले. आणीबाणीत, १९७६ साली, मानखुर्दची जनता कॉलनी पाडून सुमारे ७० हजार श्रमिकांना चीता कॅम्पला हलवले. शहराला नको ते सगळे एकाच दिशेला: कचरा, धूर आणि कष्टकरी माणूस.

माहुलच्या हवेचा आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. तरीही तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून लोकांना तिथेच पाठवले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ही सक्ती नाकारली. दुसरे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे द्या, असा आदेश दिला. रहिवासी रस्त्यावर बसून लढले, म्हणून हे घडले.

म्हणजे अडथळा कुणाला कुठली जमीन द्यायची, हे ठरवणाऱ्या मनात आहे. तिथे गावकूस अजून उभे आहे. सौर दिवे आणि झाडे नंतर. आधी जागा कुठली, हे विचारा. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा आपल्या वस्तीची हरकत लेखी गेलीच पाहिजे.

जय भीम!