न मारता मोडलेली एकजूट

डेल्फ्ट, १६८३. कापडाचे व्यापारी लेव्हेनहुक दातांतलं पांढरं किटण खरवडतात, पाण्यात कालवतात आणि आपलं इवलंसं भिंग तुमच्या हाती देतात. डोळा लावा. जीवच जीव वळवळताहेत! व्हिनेगरने चूळ भरून त्यांनी पाहिलं आहे. मेले ते फक्त वरच्या थरातले, आतले तसेच जिवंत. आतल्यांना वाचवणारं ते चिकट आवरण जिवाणूंनीच विणलेलं असतं. अशा आवरणातल्या जिवाणूंच्या थराला आज बायोफिल्म म्हणतात.

आता १९९०च्या दशकात या, सिडनीजवळच्या समुद्रात. पाण्यात बुडालेल्या बहुतेक पृष्ठभागांवर असाच बुळबुळीत थर धरतो. पण हे तांबडं शैवाल बघा, डेलिसिया पुल्क्रा. पातं बोटांत धरा. जवळजवळ स्वच्छ! पृष्ठभागालगतच्या पेशींत त्याने फ्युरॅनोन नावाची रसायनं साठवली आहेत.

न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले स्टाफन शेलेबर्ग आणि पीटर स्टाइनबर्ग यांना या रसायनांनी झपाटलं आहे. जिवाणू एकमेकांना रेणूंनी निरोप धाडतात. पुरेसे निरोप साचले की संख्या भरली हे त्यांना उमगतं आणि सगळे मिळून कामाला लागतात. अनेक जिवाणूंचा निरोप्या होमोसेरीन लॅक्टोनच्या कुळातला. फ्युरॅनोनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती, म्हणून ते निरोपात अडथळा आणू शकतं.

डॅनिश सहकाऱ्यांसोबत केलेला त्यांचा प्रयोग १९९६ मध्ये छापून आला. सेराशिया जिवाणूंची बशी समोर घ्या. एरवी त्यांची झुंड अगारवर झपाट्याने पसरत जाते. फ्युरॅनोन घातलं की पसरणं थांबतं, वाढ मात्र चालू राहते. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं: कुणीही मेलं नाही, तरी एकजूट मोडली. प्रतिजैविक मारायला जातं तेव्हा तगून राहणाऱ्या मोजक्यांचंच फावतं. इथे जिवाणूंवर तगून राहण्याचा तसा दबाव कमी असावा, ही आशा.

नैसर्गिक फ्युरॅनोन माणसाला विषारी, म्हणून औषधासाठी दुसरीकडे वळावं लागतं. चला कोपनहेगनला, २०१२ मध्ये. टेबलावर लसूण आहे. ठेचलेल्या लसणातल्या अ‍ॅलिसिनपासून अ‍ॅजोइन बनतं. फुफ्फुसात ठाण मांडणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूंच्या निरोपांत ते अडथळा आणतं आणि त्यांचं रॅम्नोलिपिड बनवणं मंदावतं. आपल्या पांढऱ्या पेशी बायोफिल्मपाशी पोचताच त्यांना फोडून टाकणारं हत्यार तेच. प्रयोगशाळेत ते बोथट झालं. रुग्णाच्या फुफ्फुसात पुरेसं अ‍ॅजोइन पोचवणं हे वेगळं आणि अवघड काम आहे.