कुष्ठजंतूची भावकी

कुष्ठजंतूला क्षयजंतूचा भाऊ म्हणता येईल. याचा जुना पुरावा सूक्ष्मदर्शकातला: दोन्ही जंतू आम्लाने धुतले तरी चढलेला लाल रंग सोडत नाहीत. नाते अधिक पक्के झाले ते दोघांचे जनुकसंच शेजारी ठेवून वाचता आल्यावर. क्षयजंतूचा संच १९९८मध्ये उलगडला, कुष्ठजंतूचा २००१मध्ये. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील स्ट्युअर्ट कोल यांच्या गटाने कुष्ठजंतूच्या संचासाठी घेतलेला वाण तमिळनाडूतल्या रुग्णाकडचा होता. हा जंतू काचेच्या बशीत वाढत नाही, म्हणून तो आर्माडिलो या प्राण्याच्या अंगात वाढवावा लागला.

क्षयजंतूकडे सुमारे ४,००० जनुके. कुष्ठजंतूकडे चालू स्थितीतली जेमतेम १,६००, आणि वर १,१००हून अधिक निकामी. भाऊ खरा, पण घरदार मोडून दुसऱ्याच्या ओसरीवर राहणारा. बशीत न वाढण्याचे मूळही बहुधा यातच असावे.

२००५मध्ये कुष्ठजंतूच्या जगभरच्या नमुन्यांचे जनुकसंचावरून चार प्रकार ठरले. भारतात मुख्यतः पहिला सापडतो. मात्र नमुन्यांत फरक इतके थोडे, की एवढ्यावरून संसर्ग कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेला हे सांगता येत नाही. जनुकसंच वाचण्याचा खरा उपयोग औषधांच्या बाबतीत. रिफाम्पिसिन या औषधाला दाद न देणारा जंतू आता एका जनुकातील बदलावरून ओळखता येतो. पूर्वी त्यासाठी उंदराच्या पंजात जंतू वाढवून महिनोन्‌महिने थांबावे लागे.